बहुभाषिक मॉन्टेसरीचा स्टाफ कसा उभा करायचा: जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत, क्रमाने

दर मे महिन्यात मला दोन-तीन तरी फोन येतात. शाळा काढतोय, हॉल झालाय, पिंक टॉवर (मॉन्टेसरीच्या साधनांतले ते गुलाबी ठोकळे) येऊन पडलाय, इंग्लिशची टीचर मिळाली, मराठीची पण मिळाली, हिंदीला कोणीतरी बघतोय, तुमचं भाषांचं टाइमटेबल जरा पाठवता का? अहो, टाइमटेबल नाहीचे आमच्याकडे. पहिल्या वर्षी होतं, मंगळवार-गुरुवार मराठी आणि बाकी दिवस इंग्लिश, आणि ऑगस्टमध्ये एका चार वर्षांच्या मुलीने दारातच विचारलं, "ताई, आज मंगळवार आहे का? मग मी आज बोलत नाही." त्या दिवशी टाइमटेबल काढून टाकलं.

तेव्हापासून आमच्याकडे भाषा वाराला चिकटलेली नाही, माणसाला चिकटलेली आहे. कोण कुठली भाषा बोलणार हे आधी ठरतं, मग त्याप्रमाणे माणसं घेतो, आणि मग ती घडी मोडू न देणं हे हेडचं काम. बहुतेक ठिकाणी हे बरोब्बर उलटं होतं, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय. उदाहरण पुण्याचं आहे, म्हणजे मराठी आणि इंग्लिश मुख्य, हिंदी तिसरी, आणि मुलं ३ ते ६ वयाची, एकाच वर्गात मिसळलेली.

## १. जानेवारी: घरच्या भाषा मोजा

अ‍ॅडमिशन फॉर्मवरचा 'मातृभाषा' हा रकाना बिनकामाचा आहे. मराठी आईबाप तिथे मराठी लिहितात आणि मुलाशी दिवसभर इंग्लिश बोलतात, मारवाडी कुटुंब हिंदी लिहून मोकळं होतं, आणि तेलुगू घरातली मुलं खाली पार्किंगमध्ये खेळून खेळून फर्डं हिंदी बोलत असतात. त्यापेक्षा हे चार प्रश्न विचारा:

- सकाळी मुलाला कोण उठवतं आणि कुठल्या भाषेत?
- दिवसा सांभाळतं कोण, आणि ती व्यक्ती काय बोलते?
- आजी-आजोबा कुठल्या भाषेत रागावतात?
- पडल्यावर, घाबरल्यावर मूल कुठल्या भाषेत रडतं?

चौथ्याचं उत्तर सगळ्यात खरं असतं. नवीन शाळा असेल तर चौकशीला येणाऱ्या घरांनाच हे विचारून वहीत मांडत जा, वीस-पंचवीस घरं झाली की चित्र दिसायला लागतं. मग ठरवा की बोलणं, वाचणं, लिहिणं सगळं होणाऱ्या भाषा कुठल्या, आणि नुसती गाणी-गोष्टींपुरती कानावर पडणारी कुठली. दोन पूर्ण भाषा आणि एक कानावरची, याच्या वर जाऊ नका. ब्रोशरवर पाच भाषा छान दिसतात हे मलाही कळतं.

चेक: हा निर्णय एका पानात लिहून त्यावर ट्रस्टींच्या सह्या झाल्यात का? नसतील तर पुढे जाऊ नका. सप्टेंबरमध्ये कोणीतरी पालक ट्रस्टींना गाठून 'इंग्लिश कमी पडतंय' म्हणणारच आहेत, तेव्हा हे पान लागतं.

## २. जाहिरात द्यायच्या आधी: कोण काय बोलणार

एएमआय, म्हणजे मॉन्टेसरींची आंतरराष्ट्रीय संस्था, तिच्या पद्धतीत ३ ते ६ च्या वर्गात साधारण २८ ते ३५ मुलं, एक ट्रेनिंग झालेली गाईड (मॉन्टेसरीत टीचरला गाईड म्हणतात) आणि एक असिस्टंट असतात, बस. आपल्याकडे पालकांना बरं वाटावं म्हणून सहा-सहा मोठी माणसं वर्गात उभी असतात, आणि मग मूल बरणीचं झाकण पण स्वतः उघडत नाही. दोन भाषांसाठी एक गाईड वाढवावी लागते ते ठीक, पण तिथेच थांबा. तीस मुलांच्या वर्गाला आमची रचना अशी आहे:

- इंग्लिश बोलणारी गाईड, ट्रेनिंग झालेली
- मराठी बोलणारी गाईड, तीही ट्रेनिंग झालेलीच
- एक असिस्टंट, जी लेसन देत नाही, हिंदी बोलते आणि हिंदी गाणी-गोष्टी तिच्याकडे
- मावशी

दोन गाईडपैकी वर्गाचा शेवटचा शब्द कोणाचा हे पहिल्याच दिवशी ठरलेलं असावं. 'दोघी मिळून बघा' म्हटलं की दोघीही बघत नाहीत.

आता माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक. डिप्लोमा असलेली, पगार जास्त असलेली बाई इंग्लिश बोलते, आणि मराठी कोण बोलतं तर असिस्टंट आणि मावशी. म्हणजे लेसन इंग्लिशमध्ये आणि 'चल, शी झाली का' मराठीत. मुलं हे दोन आठवड्यांत ओळखतात, त्यांना कोणी सांगावं लागत नाही, आणि मग जूनमध्ये मराठी बोलणारं मूल दिवाळीनंतर मराठी प्रश्नाला इंग्लिशमध्ये उत्तर द्यायला लागतं आणि आपण म्हणतो अरे वा. दोन्ही गाईडना पगार सारखा, पालकांच्या मीटिंगमध्ये खुर्ची शेजारी, आणि मटेरियलचे लेसन दोघींकडे. हे परवडत नसेल तर सरळ एका भाषेची शाळा काढा, त्यात काही कमीपणा नाही.

मावशींबद्दल वेगळं सांगायला हवं. आमच्या मावशी भोरकडच्या. पहिल्या वर्षी ऑफिसने त्यांना सांगून ठेवलेलं, मुलांशी इंग्लिश बोला, त्यामुळे त्या बिचाऱ्या 'बेबी कम, हँड वॉश' एवढंच बोलायच्या आणि बाकी वेळ गप्प. ती सूचना मागे घेतली आणि सांगितलं की मावशी, तुम्ही घरी बोलता तसं बोला. पंधरा दिवसांत पाणी सांडलं की मुलं एकमेकांना सांगायला लागली, "फडकं आण, आधी टिपून घे, मग पूस." टिपणं वेगळं आणि पुसणं वेगळं हे कुठल्या कार्डावर नव्हतं. सूप, परात, उलथणं, चिमूटभर, ओंजळभर, हे सगळं त्यांच्याकडून आलं. तेव्हा रचनेच्या कागदावर मावशींचं नाव आणि त्यांची भाषा लिहा, आणि स्टाफ मीटिंगला त्यांना बसवा, चहा द्यायला नाही.

हेडचं म्हणाल तर हेडने वर्ग घेऊ नये. लहान शाळेत हेड आणि ऑफिस एक असेल तर चालतं, भाषांवर लक्ष ठेवणारी आणि ट्रेनिंग देणारी एकच असेल तरी चालतं, पण हेड स्वतः वर्गात गाईड असेल तर लांब बसून बघणार कोण?

## ३. फेब्रुवारी-मार्च: माणसं घेणं

क्रम महत्त्वाचा आहे. लोक आधी सर्टिफिकेट बघतात, मी शेवटी बघते.

आधी फोन. ज्या भाषेसाठी घेताय त्या भाषेत दहा मिनिटं गप्पा. शाळेबद्दल नको, काल जेवायला काय केलं, गावाला कसं जाता, असलं काहीही. मराठीसाठी आलेली बाई तिसऱ्या वाक्याला 'अ‍ॅक्च्युअली आय मीन' करत इंग्लिशमध्ये गेली तर ती वर्गातही जाणार. वाईट काही नाही त्यात, फक्त ही जागा तिची नाही.

मग दोन तास बसवा. चालू वर्गात कोपऱ्यात खुर्ची, बोलायचं नाही, लिहायचं. नंतर विचारा काय दिसलं. 'मुलं खूप छान शिस्तीत होती' हे उत्तर मला नको असतं. 'तो चष्म्याचा मुलगा तीनदा त्या पाण्याच्या जगपाशी गेला आणि परत आला' हे सांगणारी पाहिजे.

मग एक लेसन. थ्री-पीरियड लेसन, म्हणजे तीन टप्प्यांत नाव शिकवणं, घ्यायला सांगा, भाजीच्या टोपलीवर. हा कांदा, ही भेंडी, हे गाजर. मग 'भेंडी दाखव', मग 'हे काय?' इथे हा-ही-हे चुकलं की लगेच कळतं, आणि जी प्रत्येक शब्दानंतर 'म्हणजे ओनियन' जोडते तीही कळते.

शेवटी कागद. 'मॉन्टेसरी' हे नाव कोणीही लावू शकतं, त्यावर कोणाची मालकी नाही, त्यामुळे महिन्याचा ऑनलाइन कोर्स आणि वर्षभराचा डिप्लोमा दोन्हीवर तोच शब्द असतो. सर्टिफिकेटपेक्षा अल्बम मागा, म्हणजे ट्रेनिंगमध्ये स्वतः लिहिलेल्या फायली. मधलं कुठलंही पान उघडा आणि म्हणा हे करून दाखवा.

बोलीवरून कोणाला नाकारू नका हे खास सांगते. खानदेशातली, वऱ्हाडातली बाई मुलाखतीला आली की काही ठिकाणी 'भाषा शुद्ध नाही' म्हणून परत पाठवतात आणि तिच्याऐवजी चारशे शब्दांत दिवस काढणारी गुळगुळीत मराठीवाली घेतात. गोष्ट सांगायला पहिलीच बरी. एकच अडचण खरी आहे: कोणाच्या बोलण्यात ण आणि न, किंवा ळ आणि ल वेगळे येत नसतील तर अक्षरांचे आणि आवाजांचे लेसन दुसरीकडे द्या. बाकी सगळं तिला करू द्या.

सावधान: पोलीस व्हेरिफिकेशन आणि आधीच्या दोन ठिकाणी फोन, हे जॉइन व्हायच्या आधी, आणि सगळ्यांसाठी, म्हणजे ड्रायव्हरकाका आणि वॉचमनसकट. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर पॉशची (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याची) अंतर्गत समिती लागतेच. आणि पॉक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, संशय आला तरी पोलिसांना कळवणं हे प्रत्येकाचं कायदेशीर काम आहे, 'आधी मॅडमना विचारू, मग बघू' चालत नाही, हे ऑफर लेटरसोबत लेखी द्या.

## ४. एप्रिल: मटेरियल, पण भाषेच्या नजरेने

हे स्टाफच्या लेखात कशाला असं वाटेल, पण जूनमध्ये गाईड जी भांडतात ती यावरूनच.

मराठी सँडपेपर अक्षरं (बोट फिरवून गिरवायची खरखरीत अक्षरं) मागवली की बरेचदा हिंदी वळणाची येतात, ल आणि श लगेच डोळ्यात भरतात. ळ तर सेटमध्ये आहे का हे आधी मोजून घ्या. भाज्यांच्या कार्डांवर 'लौकी' आणि 'कद्दू' लिहिलेलं असतं, मुलाच्या घरी असतो दुधी आणि लाल भोपळा. मराठी गाईडला सुट्टीच्या आधीच बसवा आणि कार्डं तिच्याकडूनच करून घ्या, बाजारातले फोटो काढून, दोडकं आणि घोसाळं वेगळं दाखवून. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला शिंपले, पानं, खडे, बिया घेऊन साधनं केली होती, आपल्याला निदान भोपळ्याचा फोटो काढायला काय होतंय.

मग तीन गोष्टी दोन्ही गाईडनी समोरासमोर बसून ठरवायच्या, हेडसमोर, आणि लिहून ठेवायच्या.

पहिली, च आणि ज. चाक मधला च वेगळा, चिमणी मधला वेगळा, अक्षर एकच. जातं आणि जीभ तसंच. अक्षरावर बोट फिरवताना कुठला आवाज आधी द्यायचा हे एकदा ठरवा. आम्ही चिमणीचा आधी देतो आणि चाकाचा काही आठवड्यांनी. कुठलाही आधी द्या, पण दोन वर्गांत दोन पद्धती नकोत.

दुसरी, लिपी. इंग्लिशचं मूव्हेबल अल्फाबेट, म्हणजे शब्द जुळवायची पेटी, सुट्या अक्षरांचं असतं, ते जसंच्या तसं मराठीला लावलं की मूल 'क' आणि 'आ' शेजारी ठेवून 'का' वाचायला बसतं. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांचे सुटे तुकडे वेगळ्या खणात लागतात. वेलांटी आवाजात नंतर येते आणि लिहिताना पहिली डावीकडे बसते, तिथे मुलं अडतात, त्यामुळे कान्याचे शब्द आधी, ऱ्हस्व वेलांटीचे बरेच नंतर.

तिसरी, आकडे, आणि यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. इंग्लिशमध्ये ट्वेंटी-वन, आधी वीस. मराठीत एकवीस, आधी एक. आणि एकोणतीस म्हणजे तर तिसाला एक कमी. सेगाँ बोर्डवर (दहाच्या पुढचे आकडे शिकवायच्या फळीवर) 'दहा आणि एक, अकरा' चाललेलं असताना पलीकडून 'टेन अँड वन, इलेव्हन' आलं तर चार वर्षांचं मूल दोन्ही सोडून देतं. तेव्हा दशकांची पूर्ण साखळी प्रत्येक मुलाला एकाच भाषेत, ज्या भाषेत ते रडतं त्या भाषेत, आधी पक्की द्या. दुसरी भाषा काही महिन्यांनी. प्रत्येक मुलाच्या नावापुढे 'आकडे: मराठी' किंवा 'आकडे: इंग्लिश' असं लिहिलेली यादी दोन्ही गाईडकडे पाहिजे. ज्या मुलाची घरची भाषा या दोन्हींत नाही त्याचं हेडने पालकांशी बोलून ठरवावं.

## ५. शाळा उघडायच्या आधीचे दहा दिवस

मुलं नाहीत, फक्त स्टाफ. पहिले तीन दिवस नुसतं मटेरियल लावणं आणि प्रॅक्टिकल लाइफचे लेसन एकमेकींना देणं, प्रत्येकीने आपापल्या भाषेत. ओतणं, चमच्याने भरणं, बटणं लावणं. मराठीत किती कमी शब्दांत होतं ते बघा, 'बघ हं' म्हणायचं आणि हाताने करायचं.

मग वाक्यांची वही. रोजच्या पंचवीस-तीस प्रसंगांना कोण काय म्हणणार, प्रत्येक भाषेत. चटई घालताना, खुर्ची उचलताना, भांडण झालं, कोणी मारलं, डबा संपत नाही. हे बालिश वाटतं पण भांडणाच्या वेळीच माणूस आपली ठरलेली भाषा सोडतो, मराठी गाईड ओरडते 'स्टॉप इट!'.

मोठ्यांनी आपसात काय बोलायचं हेही ठरवा. दोन्ही गाईड एकमेकींशी मुलांसमोर फक्त इंग्लिश बोलल्या की झालं. आमच्याकडे ज्या गाईडला हाक मारली तिच्या भाषेत बोलायचं, म्हणजे इंग्लिशवाली मराठीवालीकडे गेली तर मोडकं का होईना मराठी. मुलांना ते ऐकायला फार आवडतं, मोठं माणूसही अडखळतं हे त्यांना दिसतं.

चेक: अचानक विचारा, "मूल तुमच्याशी दुसऱ्या भाषेत बोललं तर काय करणार?" उत्तर 'त्याला मराठीत बोल म्हणून सांगेन' असेल तर अजून दोन दिवस ट्रेनिंग.

## ६. पहिले सहा आठवडे

बरोबर उत्तर असं. मूल म्हणतं, "ताई, मला तो ब्लूवाला दे ना." मराठी गाईड म्हणते, "निळा हवाय? हा घे निळा." झालं. सुधारायचं नाही, परत म्हणायला लावायचं नाही, भाषांतर करायचं नाही. मुलाने कुठल्याही भाषेत बोलावं, मोठ्याने आपली सोडू नये.

या काळातल्या चुका मी बऱ्याच ठिकाणी बघितल्यात, आमच्याकडेही झाल्यात:

- असिस्टंट दयाळू असते आणि प्रत्येक वाक्य मागून हिंदीत सांगते. मूल मग पहिलं वाक्य ऐकतच नाही, दुसऱ्याची वाट बघतं. असिस्टंटला सांगा, हाताने दाखवा, तोंडाने नको. याला एकच अपवाद, मूल घाबरलंय, दुखलंय, किंवा सुरक्षिततेचा प्रश्न आहे, तिथे त्याच्या भाषेत बोला, नियमबियम नंतर.
- नवीन भाषेत मूल महिनोन्महिने बोलत नाही म्हणून हेड घाबरते आणि 'भाषेचा तास' सुरू करते. गप्प मूल ऐकत असतं. समजतंय का हे बघा: 'छोटी लाल टोपली आण' म्हटल्यावर आणतं का? आणत असेल तर थांबा. कुठल्याच भाषेत समजत नसेल, घरीही बोलत नसेल, तर मात्र थांबू नका, आधी कान तपासून घ्यायला सांगा.
- पालकांना खिडकीतून बघू द्यायचं म्हणून सकाळचं काम तोडतात. सलग तीन तासांचं वर्क सायकल आहे, त्यात पालक नाहीत, फोटो नाहीत, वाढदिवसाचा केक नाही, आणि हेडसुद्धा 'गुड मॉर्निंग चिल्ड्रन' करत आत येणार नाही. हे शेवटचं मी स्वतः करायचे.

## ७. हेडचा आठवडा

आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी चाळीस मिनिटं, वर्गात गप्प बसून एकच गोष्ट मोजा: कोणी कोणाशी कुठल्या भाषेत बोललं. कागदावर उभ्या रेघा मारा. मराठी गाईडने मुलांशी बोललेली वीस वाक्यं मोजली आणि त्यात नऊ इंग्लिश निघाली, तर तिला सगळ्यांसमोर नाही, एकटीला कागद दाखवा. बहुतेक वेळा तिला स्वतःला पत्ता नसतो.

शुक्रवारी मुलं गेल्यावर पाऊण तास मीटिंग, फोन बाहेर. तीन मुलांबद्दलच बोलायचं, सगळ्या तीस नाही. प्रत्येक मुलाची नोंद एकाच वहीत, दोन्ही गाईडची, ज्या भाषेत जिला लिहायचंय त्या भाषेत. मराठीच्या नोंदी 'नंतर इंग्लिशमध्ये टाइप करून द्या' सांगितलं की दोन महिन्यांत त्या नोंदी बंद पडतात.

पालकांना उत्तर ऑफिसने द्यायचं नाही, हेडने द्यायचं. 'पुढे सीबीएसईला टाकणार, मराठी कशाला' याला माझं उत्तर सरळ असतं: २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात पहिली ते दहावी सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी शिकवावीच लागते, म्हणजे ते मूल पहिलीत मराठीसमोर बसणारच आहे, आत्ता खेळता खेळता येतंय तर येऊ द्या. शैक्षणिक धोरणाचे दाखले देत बसले की पालक मान हलवतात आणि घरी जाऊन इंग्लिशचा क्लास लावतात.

## ८. कोणी मध्येच सोडून गेलं तर

जाणारच. नवऱ्याची बदली, बाळंतपण, शेजारच्या मोठ्या शाळेचा पगार. भाषा माणसाला चिकटवली की याचा फटका जास्त बसतो, ते मान्य. त्यामुळे ऑगस्टपर्यंत प्रत्येक भाषेला एक राखीव माणूस तयार ठेवा. निवृत्त बाई असेल, एखाद्या मुलाची आजी असेल (तिचंही व्हेरिफिकेशन करा), जी महिन्यातून दोन दिवस येऊन गोष्टी सांगते आणि मुलांना ओळखते. मराठी गाईड आजारी पडली म्हणून इंग्लिश गाईडने त्या दिवशी दोन्ही भाषा बोलायच्या नाहीत, तो दिवस राखीव माणसाचा. कोणीच नसेल तर मावशींना गोष्टीला बसवा, खरंच सांगते.

नोटीस पिरियड निदान महिन्याचा ठेवा आणि त्यातला शेवटचा आठवडा जुनी आणि नवी दोघी वर्गात. नवीने पहिले दोन दिवस फक्त बसायचं. जुनीने मुलांना स्वतः सांगायचं की मी शुक्रवारी जाणार, आता या ताई तुमच्याशी मराठीत बोलतील. आणि त्या नव्या ताईने कुठली भाषा बोलायची हे तिला रविवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर कळवू नका, ऑफर लेटरमध्येच लिहा, पगाराच्या वरच्या ओळीत.